कपाटातली पाकिटं

*डॉक्टर मॅडम, मी ४८ वर्षांची. बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शेवटची पाळी येऊन १४ महिने झाले. फळ्यावर लिहिता लिहिता छातीतून वाफ उठते, मानेवरून चेहऱ्यावर चढते आणि पोरांसमोर ब्लाऊज घामानं भिजतो. रात्री दोन-तीनदा जाग येते. चिडचिड इतकी की घरात सगळे माझ्यापासून लांबच राहतात. एक गोष्ट लिहायला संकोच वाटतो. संबंधांच्या वेळी फार आग होते, म्हणून मीच टाळते. तालुक्याच्या डॉक्टरांनी इस्ट्रोजेनची १ मिलिग्रॅमची गोळी आणि रात्री प्रोजेस्टेरॉनची १०० मिलिग्रॅमची कॅप्सूल लिहून दिली. मेडिकलवाला म्हणाला, ही कॅप्सूल गरोदर बायकांना देतात, तुम्हाला कशाला? वन्सं म्हणाल्या, हार्मोनच्या गोळ्यांनी छातीचा कॅन्सर होतो. माझ्या मावशीला सत्तराव्या वर्षी तो झालाच होता. मला बीपीची एक गोळी चालू आहे, वजनही थोडं जास्त आहे. आईचा खुबा ६६व्या वर्षी मोडला, त्यानंतर ती अंथरुणातून उठलीच नाही. तीन आठवडे झाले, पाकिटं कपाटात पडून आहेत. घेऊ की नको? आणि एक विचारते. माझी धाकटी जाऊ ३६ वर्षांची आहे. दिरांबरोबर ऊसतोडीला जायची. चार वर्षांपूर्वी तिची पिशवी काढली. तिलाही असंच होतं, हाडं दुखतात म्हणते. तिचं काय करू?*

प्रिय ताई,

उत्तर आधी सांगते, कारण तीन आठवडे तुम्ही त्याचीच वाट बघताय. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून हे औषध तुमच्यासारख्या बाईसाठीच आहे. मात्र इस्ट्रोजेन गोळीतून घेण्यापेक्षा कातडीला लावायच्या जेलमधून घ्यावं, असं मला वाटतं. सुरू करण्याआधी मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) आणि आणखी दोन-चार तपासण्या करून घ्या. ती रात्रीची कॅप्सूल काही झालं तरी वगळायची नाही. आणि तुमच्या जावेला या औषधाची गरज कदाचित तुमच्यापेक्षाही जास्त आहे.

आता हे का, ते सविस्तर सांगते. तुम्ही शिक्षिका आहात, तुम्हाला नुसतं ‘घ्या’ म्हणून चालणार नाही.

शरीराचं तापमान सांभाळणारा एक छोटा भाग मेंदूत असतो. इस्ट्रोजेन, म्हणजे अंडाशयातून येणारं हार्मोन, भरपूर असतं तोवर तापमान थोडं वरखाली झालं तरी तो मनावर घेत नाही. अंडाशय थकले, इस्ट्रोजेन आटलं की तिथल्या पेशी विनाकारण चेकाळतात. मग शरीर जरासं तापलं तरी मेंदूला वाटतं, आता ते थंड केलंच पाहिजे. तो कातडीखालच्या रक्तवाहिन्या एकदम उघडतो आणि घाम फोडतो. तुमच्या वर्गात होतं ते हेच. यात मनाचा कमकुवतपणा कुठेच नाही. झोप मोडली की चिडचिड होते, तोही स्वभावाचा दोष नव्हे. आपल्याकडे पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते, पाश्चात्त्य बायकांपेक्षा चार-पाच वर्षं आधी. म्हणजे तुमचं सगळं वेळेवरच चाललंय. ‘सहन करा, वर्षभरात जाईल’ असं तुम्हाला कुणीतरी म्हणालं असेलच. ते मात्र खरं नाही. अमेरिकेत शेकडो बायकांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली, तेव्हा निम्म्याहून अधिक जणींना या वाफा सात वर्षांपेक्षा जास्त काळ त्रास देत होत्या, असं दिसलं. एवढी वर्षं दात-ओठ खाऊन काढायची काही गरज नाही. इस्ट्रोजेननं वाफांची संख्या साधारण तीन-चतुर्थांशानं घटते. दोन ते चार आठवड्यांत फरक जाणवू लागतो, पूर्ण गुण यायला तीन महिने धरा.

आता कॅन्सर. वन्संची भीती पोकळ नाही. ती कुठून आली हे मला ठाऊक आहे, कारण तीच भीती मीही एकदा खाल्ली आहे.

जुलै २००२ मध्ये अमेरिकेतला ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ हा मोठा प्रयोग मधेच थांबवला गेला. गर्भाशय असलेल्या १६,६०८ बायकांपैकी निम्म्यांना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं औषध) एकत्र असलेली गोळी, तर निम्म्यांना हुबेहूब दिसणारी खोटी गोळी दिली होती. साडेआठ वर्षं चालायचा प्रयोग सरासरी सव्वापाच वर्षांत बंद केला, कारण खरी गोळी घेणाऱ्यांमध्ये स्तनाचा कॅन्सर जास्त दिसला. वर्तमानपत्रांत आकडा आला: २६ टक्के वाढ. पुढच्या आठवड्यात माझ्याकडे बायका हातात गोळ्यांची पाकिटं घेऊन रांगेनं आल्या. मी घाबरले आणि सरसकट सगळ्यांच्या गोळ्या बंद केल्या.

त्यांत बँकेत नोकरी करणारी एक ४४ वर्षांची बाई होती. एकेचाळिसाव्या वर्षी तिचं गर्भाशय आणि दोन्ही अंडाशय काढलेले. ती घेत होती ते नुसतं इस्ट्रोजेन होतं, प्रयोगातली जोडगोळी नव्हे. मी तेवढंही थांबून पाहिलं नाही. काही वर्षांनी ती पुन्हा आली तेव्हा पाठीला बाक आला होता, मणक्याची दोन हाडं दबली होती. सगळा दोष त्या एका निर्णयाचा, असं म्हणता येणार नाही. पण त्यात माझा वाटा होता, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून तुम्हाला हे आकडे मी घाईनं सांगणार नाही.

त्या २६ टक्क्यांचा अर्थ असा. दहा हजार बायकांचं एक गाव समजा. खोटी गोळी घेणाऱ्या गावात वर्षभरात ३० जणींना स्तनाचा कॅन्सर झाला. खरी गोळी घेणाऱ्या गावात ३८ जणींना. म्हणजे ८ जास्त. त्याच गावात ८ जणींना फुफ्फुसात रक्ताची गुठळी जास्त झाली, ८ जणींना पक्षाघात जास्त, ७ जणींना हृदयविकाराचे झटके जास्त. आणि खुबा मोडण्याचं प्रमाण ५ नं कमी, आतड्याचा कॅन्सर ६ नं कमी. हे शेवटचे दोन आकडे तेव्हा कुणी ठळक अक्षरात छापले नाहीत.

शिवाय त्या गावातल्या बायका कोण होत्या हे बघायला हवं. त्यांचं सरासरी वय होतं ६३. दोन-तृतीयांश बायकांनी साठी ओलांडलेली. वाफा येऊन हैराण झालेली ४८ वर्षांची शिक्षिका त्या प्रयोगात जवळजवळ नव्हतीच. हे औषध म्हातारपणी हृदयाला वाचवतं का, हे त्यांना तपासायचं होतं. वाचवत नाही, असं उत्तर आलं, आणि ते उत्तर आजही खरं धरायचं. हृदय वाचवायला किंवा स्मरणशक्ती टिकवायला हे औषध घ्यायचं नाही. पासष्टीनंतर सुरू केलेल्यांत तर स्मृतिभ्रंशाचं प्रमाण दुप्पट दिसलं. पण पाळी गेल्यावर दहा वर्षांच्या आत किंवा साठीच्या आत त्रासासाठी सुरू केलं, तर धोका बराच कमी आणि फायदा बराच जास्त, हे नंतर पुन्हा पुन्हा दिसत आलं आहे.

त्याच प्रयोगाचा दुसरा भाग होता, गर्भाशय काढलेल्या १०,७३९ बायकांचा. त्यांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं होतं. पक्षाघाताचं प्रमाण वाढलं, वर्षाला दहा हजारांत १२ नं, म्हणून २००४ मध्ये तोही थांबवला. पण त्यांच्यात स्तनाचा कॅन्सर वाढला नाही, उलट थोडा कमीच झाला. पुढे वीसेक वर्षं माग ठेवल्यावरही तसंच दिसलं. म्हणजे स्तनाच्या बाबतीत वाढीचा मोठा भाग जोडीला दिलेल्या प्रोजेस्टिनचा असावा.

मी फक्त दिलासा देणारे आकडे निवडून सांगतेय असं तुम्हाला वाटू नये, म्हणून कडू बाजूही सांगते. २०१९ मध्ये जगभरच्या ५८ पाहण्या एकत्र करून हिशोब मांडला गेला. पाश्चात्त्य देशांत हे औषध कधीच न घेतलेल्या १०० बायकांपैकी सुमारे ६ जणींना पन्नास ते सत्तर या वयात स्तनाचा कॅन्सर होतो. पन्नाशीला सुरू करून पाच वर्षं दोन्ही हार्मोनं रोज घेतली तर ८ जणींना. म्हणजे पन्नास जणींमागे एक जास्त. नुसत्या इस्ट्रोजेननं दोनशे जणींमागे एक जास्त. औषध थांबवल्यावरही वाढलेला धोका लगेच शून्यावर येत नाही, दहा वर्षांहून अधिक काळ थोडा थोडा राहतो. आपल्याकडे या कॅन्सरचं मूळ प्रमाणच तिकडच्यापेक्षा कमी आहे, त्यामुळे आपल्या शंभर जणींत वाढही कमी भरेल. तरी पन्नासात एक हा आकडा मी हलका मानत नाही, आणि तुम्हीही मानू नका. तो समोर ठेवूनच ठरवायचं.

मावशीचं सांगते. सत्तराव्या वर्षी एका मावशीला झालेला कॅन्सर तुमचा स्वतःचा धोका फारसा वाढवत नाही. आईला किंवा सख्ख्या बहिणीला झाला असता, तोही पन्नाशीच्या आत, किंवा घरात कुणाला अंडाशयाचा कॅन्सर झाला असता, तर मी वेगळं बोलले असते आणि आधी जनुकांची तपासणी करायला सांगितली असती. हे पत्रात नाही, पण आजोळी आणि माहेरी एकदा नीट विचारून घ्या. आपल्याकडे बाईला काय झालं होतं ते घरात स्पष्ट सांगत नाहीत, ‘गाठ होती’ एवढंच म्हणतात. वजनाबद्दलही बोलायला हवं. पाळी गेल्यानंतरचा लठ्ठपणाही स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढवतो. तरी ‘वजनानं कॅन्सर होतो’ म्हणून कुणी वन्संसारखं घाबरत नाही.

आता मेडिकलवाल्याच्या प्रश्नाकडे येते. हा तुमच्या पत्रातला मला सर्वांत धोक्याचा वाटलेला भाग आहे. त्याचं म्हणणं अर्धंच खरं. ती कॅप्सूल गर्भ टिकवायला देतात, म्हणून त्याला ती तेवढ्यासाठीच माहीत. पण तुम्हाला ती दिलीय ती तुमच्या पिशवीच्या अस्तरासाठी. एकटं इस्ट्रोजेन गर्भाशयाच्या आतल्या अस्तराला वाढ-वाढ म्हणत राहतं आणि थांब म्हणणारं कुणी नसतं. अमेरिकेत साठ-सत्तरच्या दशकांत लाखो बायकांनी नुसतं इस्ट्रोजेन घेतलं आणि १९७५ मध्ये उघड झालं की त्यांच्यात गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर कित्येक पटींनी वाढला आहे. तेव्हापासून नियम झाला: जिला पिशवी आहे तिला इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन द्यायचंच. तुम्ही त्या मेडिकलवाल्याचं ऐकून एकच पाकीट उघडलं असतं तर खरोखर नुकसान झालं असतं. ती कॅप्सूल झोप आणते, म्हणून ती रात्रीच घ्यायची. तुमची झोप मोडतेच आहे, तिथे या गुणाचा उपयोगच होईल.

तुमच्या डॉक्टरांनी प्रोजेस्टेरॉनचा हा प्रकार निवडला, हे मला आवडलं. अमेरिकेतल्या प्रयोगात वापरलेलं इस्ट्रोजेन गाभण घोड्यांच्या मूत्रातून काढलेलं होतं आणि प्रोजेस्टिन प्रयोगशाळेत बदललेलं, आपल्या शरीरात नसलेलं. तुमच्या गोळीतलं आणि कॅप्सूलमधलं द्रव्य मात्र अंडाशय तयार करतात तेच, रेणू न् रेणू तेच. फ्रान्समधल्या मोठ्या पाहणीत या प्रोजेस्टेरॉनबरोबर पहिल्या काही वर्षांत स्तनाच्या कॅन्सरची वाढ दिसली नाही. ती पाहणी होती, चिठ्ठ्या टाकून केलेला प्रयोग नव्हता. म्हणून ‘धोका नाही’ असं मी म्हणणार नाही, ‘कमी असावा’ एवढंच म्हणेन.

मग मी जेल का म्हणते? पोटात घेतलेलं इस्ट्रोजेन आतड्यातून आधी थेट यकृतात जातं. तिथे ते रक्त गोठवणारी द्रव्यं जास्त तयार करायला लावतं, त्यातून पायाच्या किंवा फुफ्फुसाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो. कातडीतून गेलेलं इस्ट्रोजेन यकृताला वळसा घालून रक्तात मिसळतं. फ्रान्स आणि ब्रिटनमधल्या मोठ्या पाहण्यांत जेल किंवा पट्टीनं गुठळ्यांचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही, गोळीनं वाढलेलं दिसलं. तुम्हाला बीपी आहे, वजन थोडं जास्त आहे, म्हणून हा फरक तुमच्यासाठी कामाचा आहे. बीपी गोळीनं ताब्यात असेल तर तेवढ्यानं हे औषध बंद होत नाही, ताब्यात नसेल तर आधी ते आणायचं. रक्तातली ट्रायग्लिसराइड ही चरबी वाढलेली असली, पित्ताशयात खडे असले, डोळ्यांपुढे ठिणग्या चमकून अर्धशिशी येत असली, तरीही जेलच बरं. जेल दंडावर किंवा मांडीवर लावायचं, स्तनांवर कधीच नाही. वाळेपर्यंत पदर लावायचा नाही आणि लगेच आंघोळ नाही. घरात लहान नातवंडं असली तर त्या जागेचा त्यांच्या अंगाला स्पर्श होऊ द्यायचा नाही. जेल गोळीपेक्षा महाग पडतं आणि तालुक्याच्या दुकानात मागवावं लागतं, हे खरं. जमलंच नाही तर १ मिलिग्रॅमची गोळी काही विष नाही. ती लहान मात्रा आहे, डॉक्टरांच्या देखरेखीत घेता येते. पण जेलबद्दल त्यांना विचाराच.

सुरू करण्याआधी बीपी, साखर, चरबी आणि यकृत तपासा, मॅमोग्राफी करा, गर्भाशयाच्या तोंडाची पॅप तपासणी बऱ्याच वर्षांत झाली नसेल तर तीही उरकून घ्या. या १४ महिन्यांत मधे कधी एकदा जरी अंगावरून लाल गेलं असेल तर ते लपवू नका. त्याचं कारण कळेपर्यंत इस्ट्रोजेनला हात लावायचा नाही. ज्यांना स्वतःला स्तनाचा किंवा गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर झाला आहे, पूर्वी गुठळी, पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, यकृताचा आजार चालू आहे, त्यांनी हे औषध स्वतःहून कधीच सुरू करू नये. अशा बायकांच्या वाफांसाठी हार्मोन नसलेली औषधं आहेत. उदासीवर देतात त्यांतली काही कमी मात्रेत देतात, गॅबापेन्टिन हे मज्जातंतूंवरचं औषध देतात, आणि मेंदूतल्या त्या चेकाळणाऱ्या पेशींवरच काम करणारी नवी गोळी २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. शतावरी आणि सोयाबीनबद्दल विचाराल म्हणून सांगते. खायला हरकत नाही, पण तुमच्यासारख्या जोरात येणाऱ्या वाफा त्यांनी थांबतात असा भक्कम पुरावा नाही. ‘हार्मोन बॅलन्स’ म्हणून विकली जाणारी पाकिटावर घटक न लिहिलेली चूर्णं मात्र घेऊ नका.

पहिले तीन-चार महिने छाती ठणकते, पोट जड वाटतं, कधी डोकं दुखतं, अधूनमधून लाल डाग पडतो. बहुतेक वेळा ते आपोआप शमतं. सहा महिन्यांनंतरही रक्त जात राहिलं, किंवा थांबून पुन्हा सुरू झालं, तर सोनोग्राफी करून अस्तराची जाडी बघायची आणि गरज पडली तर तुकडा तपासायचा. एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, अचानक दम लागला, छातीत कळ आली, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर त्याच क्षणी दवाखाना गाठायचा आणि ‘मी इस्ट्रोजेन घेते’ हे पहिल्या वाक्यात सांगायचं. कुठली शस्त्रक्रिया ठरली तर तेही आधी सांगायचं. तीन महिन्यांनी एकदा दाखवा, मग वर्षातून एकदा. किती वर्षं घ्यायचं याचा ठरीव आकडा नाही. दरवर्षी मात्रा कमी करून बघायची, वाफा परतल्या तर पुन्हा विचार करायचा. आणखी एक, हे औषध गर्भनिरोधक नाही. पन्नाशीच्या आत पाळी गेली तर दोन वर्षं काळजी घ्यावी लागते, तुमचे १४ महिनेच झाले आहेत.

आईच्या खुब्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत हाडातलं कॅल्शियम झपाट्यानं जातं आणि आईचा खुबा मोडलेल्या मुलीला स्वतःचं हाड मोडण्याचा धोका जास्त असतो. इस्ट्रोजेन घेत असाल तोवर हा ऱ्हास थांबतो, बंद केलं की संरक्षणही हळूहळू ओसरतं. म्हणून तुमच्या बाबतीत वाफा हे एक कारण आहे आणि आईचं हाड हे दुसरं. जमलं तर डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी करून घ्या, ड जीवनसत्त्व बघा, शाळेत चालत जाणं सोडू नका.

जे लिहायला संकोच वाटला ते सर्वांत सोपं आहे. इस्ट्रोजेन आटलं की योनीचं अस्तर पातळ आणि कोरडं होतं, त्यामुळे आग होते, वारंवार लघवीला लागते, लघवीला जळजळतं. वाफा कधीतरी जातात, हे मात्र आपोआप जात नाही. त्यासाठी योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम मिळतं. सुरुवातीला दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. रक्तात ते नगण्य उतरतं, त्यामुळे वर सांगितलेले धोके त्याला लागू होत नाहीत, त्याच्याबरोबर प्रोजेस्टेरॉनही लागत नाही. जेल घेतल्यावरही आग राहिली तर हे क्रीम जोडीला मागा. त्याच्या खोक्यातल्या कागदावर पक्षाघात, कॅन्सर, स्मृतिभ्रंश सगळं लिहिलेलं असतं, ते वाचून बऱ्याच बायका ट्यूब न उघडताच टाकून देतात. तो मजकूर २००२ नंतर सगळ्याच इस्ट्रोजेनला सरसकट चिकटवला गेला. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं चौकटीतले हे इशारे काढायचं जाहीर केलं. पिशवी असताना नुसतं इस्ट्रोजेन घेऊ नये, हा अस्तराच्या कॅन्सरचा इशारा मात्र ठेवला. क्रीमपुरता हा निर्णय मला फार उशिरा आलेला न्याय वाटतो. गोळ्यांच्या बाबतीत मात्र आता लंबक दुसऱ्या टोकाला जाताना दिसतो. तरुण राहण्याचं औषध म्हणून इस्ट्रोजेन विकणारे व्हिडिओ आत्ताच फिरू लागलेत. ज्यांना काहीही त्रास नाही त्यांनी ते घेण्याचं कारण नाही.

आता तुमची जाऊ.

ताई, तुमच्या जिल्ह्यात ही गोष्ट घरोघरी आहे, तुम्हाला मी काय सांगणार. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल आधीच घेतलेली, एक दिवस खाडा झाला की दंड. फडात ना पाणी ना आडोसा. पाळीत पोट दुखलं, अंगावरून पांढरं गेलं की दवाखान्यात सांगायचं, पिशवी खराब झाली, काढली नाही तर कॅन्सर होईल. २०१९ मध्ये हा प्रश्न राज्यभर गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली तेव्हा १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. ज्या आजारांना गोळ्या पुरल्या असत्या त्यांच्यासाठी पोट उघडलं गेलं. मला त्याचा संताप येतो. आणि शस्त्रक्रियेनंतर या बायकांना कुणी काही सांगितलं नाही, याचा जास्त येतो.

पिशवी गेली की फक्त पाळी जाते. पण त्याच वेळी दोन्ही अंडाशयही काढले असतील तर इस्ट्रोजेन एका रात्रीत संपतं. पस्तिशीच्या आत असं झालेल्या बाईला हाडं ठिसूळ होण्याचा, लवकर हृदयविकाराचा, विसरभोळेपणाचा धोका पुढची सगळी वर्षं वाढलेला राहतो. तिची हाडं दुखतात त्यात उसाच्या मोळ्यांचा भाग असेल, पण इस्ट्रोजेनचाही असू शकतो. तिच्यासाठी इस्ट्रोजेन हे वाढीव औषध नव्हे. शरीरानं ज्या वयापर्यंत ते आपणहून दिलं असतं, त्या वयापर्यंत, म्हणजे सत्तेचाळीस-पन्नासपर्यंत, ते बाहेरून परत देणं आहे. अमेरिकेतल्या ६३ वर्षांच्या बायकांचे आकडे तिला लावायचे नाहीत. पिशवी नसल्यामुळे तिला साधारणपणे प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल लागत नाही आणि वय लहान असल्यामुळे इस्ट्रोजेनची मात्रा कदाचित तुमच्यापेक्षा जास्त लागेल. तुमची पाकिटं मात्र तिला देऊ नका. तिलाही बीपी, गुठळ्या, कॅन्सर यांबद्दल विचारून, तपासूनच द्यायला हवं.

अंडाशय शिल्लक असले तरी पिशवी काढलेल्यांचे ते काही वर्षं लवकर थकतात, म्हणून तपासणी दोन्ही बाजूंनी हवीच. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या स्त्रीरोग विभागात तिला घेऊन जा. रक्तातली एफएसएच आणि इस्ट्रॅडिऑल ही हार्मोनं तपासायला सांगा, त्यावरून अंडाशय काम करतात का ते कळतं, सोनोग्राफीत अंडाशय दिसतात का ते बघायला सांगा. सुट्टीचा दिवस धरून जाऊ नका, बाह्यरुग्ण विभाग बंद असतो. तुमची रजा टाका, तिचा खाडा होऊ नये म्हणून तोडणी संपल्यावरचा दिवस धरा.

निघण्याआधी तिच्या ट्रंकेत शस्त्रक्रियेचं डिस्चार्ज कार्ड आहे का ते शोधा. त्यावर इंग्रजीत ‘टीएएच’ ही अक्षरं असतील, म्हणजे पोट उघडून गर्भाशय काढलं. त्यांच्या पुढे ‘बीएसओ’ लिहिलंय का ते नीट बघा. लिहिलं असेल तर दोन्ही अंडाशयही गेलेत, आणि तिला पुढच्या हंगामापर्यंत थांबवू नका.